लंगोट सोडून दाखव

भूतबाधा, अंगात येणं, नजर... असलं काही घेऊन येणाऱ्यांना मी आयुष्यभर दारातूनच परत पाठवलं. मी लहान मुलांचा डॉक्टर. आता वय झालं. नागपूरच्या नंदनवन भागात घराखालीच क्लिनिक आहे, सकाळी थोडा वेळ बसतो. या सदरात वाचकांचे असले अनुभव वाचून मीही हसायचो, तेव्हा तुम्ही हसलात तर माझी तक्रार नाही.

पण आधी एक जुनी गोष्ट सांगावी लागेल.

तरुणपणी मी नागपूरच्याच सदर भागातल्या एका नर्सिंग होममध्ये नवजात बाळं तपासायला जायचो. तिथे शोभा नावाची बाळंतीण होती — विशीतली, माहेर काटोलकडचं, पहिलाच मुलगा. थंडीचे दिवस. सासूनं बाळाला दुपट्यात घट्ट बांधून ठेवलेलं. बांधलेलं, झोपलेलं बाळ आपल्याकडे कोणी उघडू देत नाही.

"आत्ताच झोपला जी, सोडू नका. शी केली त्यानं, लंगोटाले काळी लागली होती," सासू म्हणाली.

मी टाळू पाहिली, डोळे पाहिले, छाती ऐकली. लंगोट सोडला नाही.

काही बाळांची शीची वाट जन्मतः बंदच असते. तिथे नुसती खळगी असते, घरच्यांना ती नेहमीसारखीच दिसते. आत आतडं लघवीच्या मार्गाला जोडलेलं असलं, तर थोडी काळी-हिरवी शी लघवीतून येते आणि सगळे निश्चिंत होतात. म्हणून डॉक्टरनं स्वतः बघायचं असतं, शंका आली तर मऊ नळी आत जाते का ते पाहायचं. मिनिटभराचं काम.

घरी सोडायच्या दिवशी सासू खोलीबाहेर असताना शोभा हळूच म्हणाली, "डॉक्टर साहेब, याची लघवी हिरवी होऊन राहिली."

मी हसलो. "नव्या कापडाचा रंग गेला असेल, बाई. धुऊन वापरत जा."

बाळाला परत आणलं तेव्हा पोट टम्म फुगलेलं, उलट्या हिरव्या. सर्जननं घाईनं पोटावर शीसाठी तात्पुरती वाट काढली. पण संसर्ग रक्तात गेला होता. बाळ गेलं. व्हरांड्यात सासऱ्यानं मला विचारलं, "असं काहून झालं, डॉक्टर?"

नवरा, सासू, सगळे उभे होते. मी म्हणालो, "लघवी हिरवी होत होती, हे आईच्या लक्षात यायला हवं होतं. वेळेवर सांगितलं असतं तर..."

शोभा माझ्याकडे बघत राहिली. सासूच बोलली, "डोये फुटले होते का वं तुये?" पुढे तिला माहेरी पाठवलं आणि पुन्हा आणलंच नाही, एवढं माझ्या कानावर आलं. मी चौकशी केली नाही.

आता तो अनुभव. दोन-तीन वर्षांपूर्वीचा, भर सकाळचा. एक तरुण जोडपं नवजात मुलाला घेऊन आलं. बाळ पिवळं दिसत होतं. मी डोळे पाहिले, कातडी दाबून पाहिली, रक्ताची तपासणी लिहायला घेतली. तोवर आई बाळाचा लंगोट सोडायला लागली.

"राहू द्या हो, कावीळ आहे थोडी."

"नाही सर, त्या काकू म्हणाल्या, लंगोट सोडून दाखव, ते आपल्या मनानं पाहत नाहीत."

"कोण काकू?"

"बाहेर माझ्या बाजूले बसल्या होत्या. याची लघवी हिरवी होते म्हटलं, तर म्हणाल्या, 'हे पण सांग त्यायले. मी सांगितलं तर हसले होते, तुले नाही हसणार.'"

मी पेन खाली ठेवलं. मी बाळ पाहिलं. खळगी होती. वाट नव्हती.

त्याच तासाला मी त्यांना बालशल्यचिकित्सकाकडे पाठवलं. पोटावर वाट काढली, काही महिन्यांनी खरी वाट तयार केली, मग पोटावरची बंद केली. मुलगा आज घरभर पळतो.

बाहेर मात्र कोणी बाई नव्हती. रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, "सर, सकाळपासून हे दोघंच आहेत." नवरा म्हणाला, "मी समोरच उभा होतो जी. बाजूची खुर्ची रिकामीच होती."

मी हसलो होतो हे फक्त मला आणि शोभाला माहीत, असं मी धरून होतो. वाटलं, शोभा वारली असणार. शोधत तिच्या माहेरी गेलो... तर ती जिवंत. भावाच्या पिठाच्या गिरणीत उभी, केस-भुवया पिठानं पांढऱ्या. मला पाहून तिनं मोटर बंद केली. मी सगळं सांगितलं. तू सांगितलं होतंस, मी खोटं बोललो, हेही.

"हे मले काहून सांगून राहिले? मले तर माहीतच आहे," ती म्हणाली.

"क्लिनिकमध्ये आली होतीस?"

"नागपूरले? त्या दिवसापासून पाय नाही ठेवला." मग तिनं विचारलं, "ते पोरगं वाचलं?"

"वाचलं."

तिनं मान हलवली आणि मोटर सुरू केली. मोटरच्या आवाजात पुढचं बोलणं शक्य नव्हतं.

सासू-सासरे केव्हाच गेले होते. नवऱ्याचं कळमन्याला धान्याचं दुकान आहे; दुसऱ्या बायकोपासून मुलं-नातवंडं झाली आहेत. त्याला गाठून सांगितलं. त्यानं पोत्यावरून हात फिरवत ऐकून घेतलं.

"तिनं मलेही सांगितलं होतं," तो म्हणाला. "दवाखान्यातून सुट्टी झाली त्याच दिवशी, घरी जाताना. तुम्हाले सांगितलं, तुम्ही हसले, तेही. मग व्हरांड्यात तुम्ही तसं बोलले... अन् तुम्ही डॉक्टर होते ना."

मी दुकानातून बाहेर पडलो.

त्या खुर्चीवर कोण बसलं होतं, मला आजही सांगता येत नाही. मी विज्ञान शिकलेला माणूस आहे. मलाच पटेल असा एकही खुलासा सापडला नाही. शोभाला मात्र सासरच्या घरात कोणी परत बोलावलेलं नाही, आणि तिनंही ते मागितलेलं नाही.