अर्थिंगचा खड्डा आणि काळबांडे सर

श्री. गोविंदराव काळबांडे सरांना मी पहिल्यांदा पाहिले ते एका लांब टेबलाच्या टोकाशी बसलेले. एकाहत्तरचे युद्ध संपून काही महिनेच झाले होते. मी नाचणगावचा, शेतकऱ्याच्या घरातला, नुकता मॅट्रिक झालेला. पुलगावच्या कापड गिरणीत फिटर लागतात, तेव्हा फिटरचा ट्रेड मिळावा, एवढेच मनात धरून मी प्रशिक्षण संस्थेच्या मुलाखतीला गेलो होतो. फिटरच्या जागा भरल्या होत्या. इलेक्ट्रिशियनच्या दोन उरल्या होत्या आणि त्या ट्रेडचे निदेशक म्हणून सर मुलाखत घेत होते.

त्यांनी माझी गुणपत्रिका बाजूला ठेवली आणि विचारले, “विजेले भेतो काय?”

आधी आत गेलेल्या मुलांनी ‘नाही सर’ असे छातीठोक सांगितल्याचे बाहेर कळले होते. पण त्याच वर्षी आमच्या गावात तुटलेल्या तारेवर पाय पडून एक बैल गेलेला मी पाहिला होता. मी म्हणालो, “भेतो सर.”

“चांगलं आहे. जेवढा भेतो तेवढाच भेत जाजो. कमी नको, जास्त नको.”

मला प्रवेश मिळाला. पुढची दोन वर्षे मी सरांच्या हाताखाली होतो आणि त्यानंतर आजपर्यंत त्यांच्या नजरेखाली आहे. आज सर साठी पूर्ण करीत आहेत. त्यांच्या हातून तयार झालेले वायरमन जिल्ह्यातल्या बहुतेक तालुक्यांत भेटतात, आणि काम पाहून ते काळबांडे सरांचे आहेत की नाहीत हे ओळखू येते, असे आम्ही मंडळी थोड्या अभिमानाने म्हणतो.

सरांच्या शिकवण्याबद्दल सांगायचे तर आमची क्रमिक पुस्तके इंग्रजीत होती आणि आम्ही बहुतेक सगळे खेड्यांतून आलेले. व्याख्या पाठ करण्यात आम्ही पटाईत झालो होतो. एकदा सरांनी मला उभे केले. “लाकूड कंडक्टर की इन्सुलेटर?” मी इन्सुलेटरची व्याख्या घडाघडा म्हटली. “अन् ओलं लाकूड?” सरांनी काठीचा एक तुकडा मिठाच्या पाण्यात बुडवून आणवला, दिव्याच्या तोडलेल्या तारेच्या दोन टोकांमध्ये जोडला आणि लांब उभे राहून स्विच दाबला. दिवा मिणमिणला. सर म्हणाले, “पुस्तकातलं लाकूड बारा महिने कोरडं असते. आपल्या गावातलं चार महिने ओलं राह्यते. तुमाले गावात काम करायचं आहे.”

टेस्टरची गोष्टही अशीच. तारेत वीज आहे की नाही हे पाहण्याआधी टेस्टर चालू लाईनवर लावून पाहायचा, मग त्या तारेला लावायचा, आणि नंतर पुन्हा चालू लाईनवर. तीनदा. एकदा संस्थेच्या सभागृहात पाहुणे येऊन बसले आणि पंखे बंद पडले. प्राचार्य घाई करीत होते. तशा घाईतही सरांनी पहिला टेस्टर चालू लाईनवर लावला, तर तो पेटेना. टेस्टरच बिघडलेला होता. सरांनी दुसरा मागवला. मागे उभ्या असलेल्या आम्हा मुलांना त्या दिवशी तीनदा पाहण्याचे कारण वेगळे समजावून सांगावे लागले नाही.

आता पुढे जे लिहिणार आहे ते गौरवग्रंथात सहसा कोणी लिहीत नाही. म्हणून मी आधी सरांची परवानगी मागायला गेलो. ते म्हणाले, “मले काऊन विचारतो? चूक तुही होती, थोडी माही होती. दोन्ही लिहिजो.”

शिक्षण संपल्यावर मी पुलगावच्या एका ठेकेदारांकडे वायरमन म्हणून लागलो. दुसऱ्याच वर्षी देवळीच्या पुढच्या एका गावातले पिठाच्या चक्कीचे काम त्यांनी एकट्या माझ्यावर सोपवले. चक्की देवकाबाईंची होती. यजमान शेती पाहात, चक्की बाई चालवणार होत्या. गावातल्या बायकांना दळणासाठी तोवर दोन कोस जावे लागे, त्यामुळे मी मेन स्विच लावत असताना दारात रोज चारदोन जणी उभ्या असत. वायरिंग मी जीव ओतून केले. तारांच्या लाकडी पट्ट्या ओळंब्यात, जोड घट्ट.

राहिले अर्थिंग. मोटरीच्या लोखंडी अंगापासून एक तार जमिनीत खोल पुरलेल्या पाइपापर्यंत न्यायची असते. आत काही बिघडून वीज मोटरीच्या अंगावर उतरली, तर ती या तारेने जमिनीत जाते आणि फ्यूज उडतो. ही वाट नसेल, तर मोटरीला हात लावणाऱ्या माणसातून ती वाट काढते. पाइप आठ फूट, त्याच्याभोवती कोळसा आणि मीठ. हे सगळे मला झोपेत विचारले असते तरी सांगता आले असते.

चक्कीच्या भिंतीला लागून मी खणायला घेतले आणि दोन फुटांवर खडक लागला. दिवसभर पहार चालवली, चार बोटेसुद्धा खाली गेलो नाही. दुसऱ्या दिवशी जोडणी द्यायला वीज मंडळाची माणसे येणार होती. मी पाइप कापला, दोन फुटांचा तुकडा उभा केला, भोवती सिमेंट लिंपले आणि वरून पाणी ओतले. वरून पाहणाऱ्याला आठ फुटांचा पाइप आणि दोन फुटांचा पाइप सारखाच दिसतो. ठेकेदारांनी माझ्या भरवशावर तपासणी अहवालावर सही केली. चक्की सुरू झाली. बाईंनी माझ्या हातावर साखर ठेवली.

सव्वा वर्षाने, भर उन्हाळ्यात, मोटरीच्या आतल्या एका तारेचे आवरण जळाले. जमीन कोरडीठाक होती. देवकाबाईंनी ओल्या हाताने मोटरीला जोडलेला चक्कीचा लोखंडी कठडा धरला आणि त्या तिथेच चिकटल्या. शेजारच्या बाईने मेन बंद केला म्हणून जीव वाचला. उजवा तळवा भाजला. त्या हाताची दोन बोटे आजही पूर्ण मिटत नाहीत.

त्या गावचा एक मुलगा तेव्हा सरांकडे शिकत होता. त्याच्याकडून सरांना कळले. मला पोस्टकार्ड आले, त्यात एकच ओळ होती: ‘रविवारी सकाळी घरी ये.’

मी गेलो. सरांनी मला बसायला सांगितले, पाणी दिले आणि विचारले, “पाइप किती फूट?”

“आठ फूट, सर.”

ते आत जाऊन पहार आणि फावडे घेऊन आले. “चल,” एवढेच म्हणाले.

आम्ही एसटीत बसलो. सरांनी पहार पायांशी आडवी ठेवली होती. देवळी मागे पडले तेव्हा माझ्याने राहवले नाही. मी म्हणालो, “सर, दोन फूटच आहे. खाली खडक लागला होता.”

सर खिडकीबाहेर पाहात होते. त्यांनी मान वळवली नाही. “मले सांगून काय होते? जिचा हात जळला तिले सांगजो.”

देवकाबाई ओसरीवर बसल्या होत्या, हाताला पट्टी होती. चक्की बंद. यजमान आणि शेजारची दोनतीन माणसे होती. सरांनी आपले नाव सांगितले आणि माझ्याकडे बोट करून म्हणाले, “याले काही सांगायचं आहे.” मग ते बाजूला जाऊन उभे राहिले. मी कसेबसे सगळे सांगितले. यजमान उठले. मला वाटले, आता मार बसणार. बाईंनी त्यांना डाव्या हाताने खाली बसवले आणि मला विचारले,

“पाइप खाली गेला नाई, तं मले काऊन नाई सांगतलं, भाऊ? मागं इहिरीजवळ काळी माती आहे. मी थेती जागा देली असती.”

मला भीती वाटली होती ती ठेकेदारांची, उशिराची, लोक हसतील याची. जिला भ्यायला हवे होते त्या विजेला मी भ्यालो नव्हतो.

मग सर पुढे झाले. “बाई, याले मी शिकवलं. आमच्या संस्थेत अर्थिंगचा खड्डा एकच आहे, मी यायच्या आधीपासूनचा. पोरं तो वहीत काढतात अन् मी मार्क देतो. खडक लागला तं काय करायचं हे मी यांच्या हातानं कधी करून घेतलं नाई. म्हणून मीही आलो.”

त्यांनी सदरा काढून खुंटीला अडकवला. विहिरीजवळची जागा बाईंनी स्वतः उठून दाखवली. खणायला आम्ही दोघेच होतो, सर पंचेचाळिशी ओलांडलेले आणि मी बाविशीचा. दुपारी यजमानही फावडे घेऊन आले आणि माती ओढू लागले. सर दोन दिवसांची रजा टाकून तिथेच राहिले. दुसऱ्या दिवशी आठ फूट झाले, तळाला माती गार आणि ओली लागली. लोहाराकडून कोळसा आला. थर देत पाइप पुरला आणि तिथून चक्कीपर्यंत मोटरीसाठी दोन स्वतंत्र तारा नेल्या, एक तुटली तरी दुसरी राहावी म्हणून.

सरांनी बाईंना चक्कीत बोलावले. लाईन आणि माझा जुना पाइप यांच्यामध्ये त्यांनी एक मोठा दिवा जोडला. त्याची तार नुसती लाल झाली, विझत्या विडीसारखी. मग तोच दिवा नव्या पाइपावर जोडला. खोली उजळली. “आता कळलं,” बाई म्हणाल्या. दिव्याने कळते ते ढोबळ असते, म्हणून पुढच्या आठवड्यात सरांनी मीटर आणून मोजूनही पाहिले. मोटर नव्याने गुंडाळून आल्यावर चक्की सुरू झाली, तेव्हा पहिल्यांदा कठड्याला हात लावला तो सरांनी.

माझी नोकरी जाणार हे उघड होते. ठेकेदारांच्या सहीवर मी डाग लावला होता. सरांनी मला एक पत्र दिले. त्यात घडलेला प्रकार जसाच्या तसा होता, आणि शेवटी लिहिले होते की हा मुलगा यापुढे खोटा खड्डा खणणार नाही असे मला वाटते, म्हणून त्याला ठेवावे. ठेकेदारांनी ते दोनदा वाचले. “शिफारसपत्रात एवढं खरं कोणी लिहिते काय?” ते म्हणाले. मग पत्राची घडी घालून म्हणाले, “उद्यापासून ये. पण सहा महिने तुह्या प्रत्येक खड्ड्यात मी काठी टाकून पाहीन.” त्यांनी तसे पाहिलेही.

पुढच्याच सत्रापासून संस्थेच्या आवारात सरांनी नवा नियम केला. प्रत्येक तुकडीने आपला खड्डा आपण खणायचा, आणि जागा सर ठरवणार. ते मुद्दाम मुरमाड कोपरा देत. मुले चार फुटांवर अडत, कुरकुरत, आणि शेवटी येऊन सांगत, “सर, इथं खाली जात नाई.” सरांना तेच वाक्य ऐकायचे असे. “बराबर. हेच मालकाले सांगजो. आता दुसरी जागा शोधा.” खड्डा किती झाला यापेक्षा हे वाक्य कोणी आणि कधी म्हटले, यावर ते गुण देत. काही सहकाऱ्यांना हा हट्ट वाटे. पण सर निवृत्त झाल्यानंतरही ती पद्धत चालू आहे.

आज माझ्याकडे सुपरवायझरचा परवाना आहे आणि तपासणी अहवालावर मी स्वतः सही करतो. पुलगावच्या परिसरात माझ्या सहीला किंमत आहे, हे मी संकोच न करता लिहितो, कारण ती किंमत माझी एकट्याची नाही.

निवृत्तीनंतर सर स्वस्थ बसतील असे आम्हा कोणालाच वाटले नव्हते. मागच्या महिन्यात गेलो तेव्हा पलंगावर वह्या पसरल्या होत्या. आपल्या ट्रेडच्या मुलांसाठी सर मराठीत पुस्तक लिहीत आहेत, ज्यात आधी काम आणि मग व्याख्या येते. पत्नीला, म्हणजे आमच्या काकूंना, ते लिहिलेले वाचून दाखवतात आणि जे काकूंना कळत नाही ते खोडून पुन्हा लिहितात. काकू हसून म्हणाल्या, “तीन धडे झाले. चौथ्यात मीच अडून राह्यली, म्हणून तेही अडून राह्यले.” सर ट्रान्सफॉर्मरपाशी थांबले आहेत. त्यापुढे मोटरी आहेत, शेतीपंप आहेत, आणि मुलांनी पाठवलेल्या शंकांचा एक मोठा गठ्ठा आहे.

तेव्हा सरांनी पुष्कळ जगावे, डोळे आणि हात आजच्यासारखेच धड राहावेत, काकूंनी प्रत्येक धड्यात त्यांना मनसोक्त अडवावे, पुस्तक निघावे, आणि त्यातल्या चुका दाखवायला येणाऱ्या पोरांसाठी त्यांच्या घरी चहाचे आधण पुढची कितीतरी वर्षे चढत राहावे, हीच आम्हा सर्व शिष्यांची मनापासून इच्छा.