एकवीस आवर्तनं आणि मामांचा मेंदू

माणसाच्या मेंदूला मर्यादा असतात असं ज्याने कुणी पहिल्यांदा म्हटलं, तो अमेरिकेत ट्रॉय गावी राहणाऱ्या माझ्या बायकोच्या मामांना भेटलेला नसणार. भेटला असता तर मामांनी त्याला चहा पाजून, मिशिगनमधल्या आपल्या पहिल्या गाडीपासून सगळ्या गाड्यांचे नंबर ऐकवून शब्द मागे घ्यायला लावला असता. मोटारींच्या कारखान्यात तीस वर्षं इंजिनिअर होते, पण वही, डायरी, चिठ्ठी यांच्याशी त्यांचं कायम वैर. "मेंदू म्हणजे काय गाडीची गॅसची टाकी आहे, फुल्ल व्हायला?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. मोबाइलमध्ये ते नंबर सेव्ह करायचे नाहीत, पाठ असलेला नंबर तोंडाने म्हणत एकेक आकडा दाबायचे. मुलाने रस्ता सांगणारं यंत्र दिलं, तर हे त्याच्या आधी वळणं सांगायचे. एकदा त्या यंत्रावर मात केल्याच्या आनंदात हायवेवरून उतरायची एक्झिट चुकली आणि आम्ही ओहायोच्या दिशेने बरेच पुढे गेलो. मामींनी दिलेली सामानाची यादी ते दारातच परत करायचे. पुढे एकदा तूप आणायला जाऊन पोह्यांची तीन पाकिटं घेऊन आले, तेव्हा म्हणाले, "विसरलो नाही. प्रायॉरिटी बदलली." इतक्या बाणेदारपणे चुकणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

दर गणपतीत जवळच्याच नोव्हाय गावात आमच्या घराच्या बेसमेंटमध्ये स्तोत्राची एकवीस आवर्तनं व्हायची. मोजायला लोक सुपाऱ्या मांडतात आणि एकेक बाजूला सारतात. मामांसमोर सुपाऱ्या मांडणं म्हणजे त्यांचा अपमान. पुढे बसून म्हणायचं त्यांनी, मोजायचं त्यांनी आणि एकवीस झाली की हातही त्यांनीच वर करायचा. २००७ साली मात्र मामींनी मला स्वयंपाकघरात गाठलं. हल्ली हे एकच गोष्ट दोनदा विचारतात, म्हणाल्या. तुम्ही गुपचूप मोजा, पण चुकले तर चारचौघांत बोलू नका. मी कुर्त्याच्या डाव्या खिशात एकवीस शेंगदाणे घेऊन बसलो आणि दर आवर्तनाला एक उजवीकडे टाकत गेलो. मामांनी हात वर केला तेव्हा डाव्या खिशात दोन उरले होते. लोक आरतीला उठले. मीही ते दोन दाणे खिशात तसेच ठेवून उठलो, आणि मला फार वाईट वाटलं.

संध्याकाळी मी मामांना घरी सोडायला निघालो. हायवेला लागल्यावर त्यांनी तळहात पुढे केला.

"शेंगदाणे दाखवा, जावईबापू. सारखा खिशात हात जात होता तुमचा."

मी ते दोन दाणे त्यांच्या हातावर ठेवले. त्यांनी ते अंगठ्याने मोजले. मग मूठ मिटून म्हणाले, "दोनच ना? आत्ता म्हणून टाकू," आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली. एक आवर्तन झालं. दुसऱ्याच्या मध्यावर ते अडले. पुढचा शब्द माझ्या तोंडून आपोआप आला. मी ते स्तोत्र कधीच पाठ करायला बसलो नव्हतो, दरवर्षी मामांच्या मागे बसून नुसतं ऐकलं होतं. त्यांनी तो शब्द उचलला आणि शेवटपर्यंत गेले.

"एकवीस," म्हणत त्यांनी दाणे तोंडात टाकले. "तुमच्या मेंदूत जागा निघाली ना? मग मी इतकी वर्षं काय सांगतोय?"

पुढच्या वर्षी पुढे मी बसलो, मामा माझ्या शेजारी. बऱ्याच ओळी त्यांच्या आठवणीतून निसटल्या होत्या, ओठ नुसते हलत होते. सुपाऱ्या मात्र त्यांनी मांडू दिल्या नाहीत. एकविसावं संपलं तेव्हा मी हळूच त्यांच्या गुडघ्याला हात लावला, आणि मामांनी हात वर केला.