ट्रॅक्टरच्या पुढे चालणारी बाई

मटण सोडून मला सहा महिने झाले होते आणि भेटेल त्याला मी ते ऐकवत होतो. आसगावला मित्राच्या धानाच्या बांधीत रोवणीआधीची चिखलणी चालली होती. ट्रॅक्टरच्या लोखंडी चाकांपुढे एक म्हातारी वाकून चालत होती आणि चिखलातले खेकडे, बेडूक पटापट टोपल्यात टाकत होती.

"रश्श्याची तयारी का, बाई?" मी बांधीच्या कडेच्या धुऱ्यावरून विचारलं. "मी तर कोणाचा जीव घेत नाही बुवा!"

तिनं टोपलं पलीकडच्या नाल्यात रिकामं केलं. सगळे जिवंत पळाले.

"भूक लागली का मी बी खेकडा खातो, भाऊ," ती म्हणाली. "तवा मले मालूम रायते, कोन मेला. हे तं तुमच्या भातापायी मेले असते, अन् तुमाले खबर बी नसती."

शाळा झाली, कीर्तनं झाली, पण पांढऱ्याशुभ्र भातातले खेकडे मला कोणी दाखवले नव्हते. तेवढ्यात ट्रॅक्टर वळला आणि अर्धी बांधी अजून बाकी होती. पँट दुमडून मी चिखलात उतरलो आणि दिसला त्या खेकड्याला हात घातला.

"मागून धरा, भाऊ!" ती ओरडली. "तो शाकाहारी नाही!"