चाकावरची चार बोटं

एक माणूस उतरल्याने गाडीला असा काय फरक पडतो?

हा प्रश्न मी ओमानला आलो त्या पहिल्याच दिवशी विचारला होता. पिकअपच्या मागे कॅराव्हॅन जोडलेली होती आणि मी उडी मारून हौद्यात चढलो होतो. सलीमभाई, म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ, मागच्या चाकाशी वाकला. टायर आणि मडगार्ड यांच्यामधल्या फटीत त्याने बोटं आडवी घातली आणि म्हणाला, "इम्तू, उतर." मी उतरायच्या आधी प्रश्न विचारला. वसईचा पीटर, आमचा वेल्डर, नुसता हसला. अर्बाब, म्हणजे आमचा ओमानी मालक, "इन्शाल्ला" म्हणून चहा प्यायला निघून गेला. भाई म्हणाला, "आधी उतर तर."

मी उतरलो. उत्तर राहिलंच. पुढे किती वेळा विचारलं, कोणी दिलं नाही.

कॅराव्हॅन वाळवंटातून परत आली की आम्ही ती झाडतो. कितीही झाडा, गादी उचलली की खाली वाळू असतेच. भाईचे किस्से तसेच आहेत. परवा सहज एक आठवला आणि त्याच्याखालून सगळे निघाले.

अल अमेरातला आमचं यार्ड आहे. थंडी पडली की इथले लोक बायकामुलांना घेऊन वाळूत राहायला जातात, आणि त्यांच्या कॅराव्हॅन दुरुस्त करून जागेवर पोचवणं हे आमचं काम. लोकांना वाटतं पिकअपने ओढायचं म्हणजे ओढायचं. पण कॅराव्हॅनचं नाक पिकअपच्या हुकावर बसतं, आणि त्या नाकाचं वजन पिकअपच्या पाठीवर येतं. त्यात माणसं, जनरेटर, सरपण. ओढायची ताकद वेगळी, पाठीवर घ्यायची वेगळी. दुसरी फार कमी असते, तिथेच सगळे फसतात.

भाईने एकदा खडीच्या खाणीवरच्या वजनकाट्यावर पिकअप पूर्ण भरून बघितली होती. मर्यादा संपली तेव्हा चाकावर चार बोटांची फट उरली होती. तेव्हापासून चार बोटं हा आमचा कायदा.

बोटं मात्र त्याची नव्हती, अब्बांची होती. अब्बा गावी खाडीवर तर, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी, चालवायचे. होडीचा काठ आणि पाणी यांच्यात चार बोटं उरली की वल्हं आडवं धरायचे. मग येणारा सरपंच असो की नवरदेव, पुढच्या फेरीला. भाईने होडी गावीच ठेवली आणि बोटं तेवढी इकडे आणली.

*

एक गिऱ्हाईक नवीकोरी, भलीमोठी अमेरिकन पिकअप घेऊन आलं. अर्बाबच्याच नात्यातलं. ही गाडी डोंगर ओढेल, असं त्याने उतरायच्या आधीच सांगितलं. हौद्यात जनरेटर, लाकडं, खजुराचे डबे, पाण्याची पिंपं आणि सहा बकऱ्या. आम्ही कॅराव्हॅन जोडली तशी गाडी मागून बसली आणि पुढून उठली. दिवे सरळ आभाळात!

भाई बोटं घालायलासुद्धा वाकला नाही. हात मागे बांधून त्याने आभाळाकडे पाहिलं आणि म्हणाला, "रमजानला अजून वेळ आहे, शेख. गाडी आत्तापासूनच चांद शोधतेय."

शेख आधी रागावला, मग त्यानेही आभाळात पाहिलं. मग त्याने बकऱ्या कॅराव्हॅनमध्ये भरायला सांगितल्या. बकऱ्या आत गेल्या आणि पुढच्या खिडकीतून बाहेर बघायला सगळ्या नाकाकडेच जमल्या. पिकअप आणखी खाली!

शेवटी त्याच्या चुलतभावाची गाडी बोलावली. सहा बकऱ्या एसी लावून, मागच्या सीटवर बसून वाळवंटात गेल्या.

*

पीटरला अंघोळीचं वेड. वाळूत दोन दिवसांचं काम निघालं की तो आधी पाण्याची चौकशी करायचा. एकदा निघताना भाईने बोटं घातली तर तीनच गेली. सामान तर नेहमीचंच होतं. भाईने सगळ्यांच्या पिशव्या उघडल्या, सीटखाली पाहिलं. पीटर तेवढ्या वेळात तीनदा म्हणाला, "सलीमभाय, उशीर होतो रे."

भाई कॅराव्हॅनमध्ये शिरला आणि नळ सोडला. पाणी आलं. येतच राहिलं. पुढची टाकी काठोकाठ भरलेली! रिकामी न्यायची आणि जागेवर भरायची, हा आमचा नियम.

भाई रागावला नाही. त्याने स्टूल आणलं, यार्डाच्या मधोमध ठेवलं आणि पाइप पीटरच्या हातात दिला. "पाणी वाया जायला नको. यल्ला, चल, कर अंघोळ."

आणि पीटरने केली! चड्डीवर, साबण लावून, टाकी संपेपर्यंत. शेजारच्या टायरवाल्याची माणसं काम सोडून कुंपणाशी उभी. अर्बाबने त्याला टॉवेल दिला. पुढे वर्षभर कोणीही फोन केला की आधी विचारायचं, पीटर सुकला का?

*

आता अर्बाबचा. अर्बाब आडव्या अंगाचा माणूस. एका सकाळी सूर शहराला जायचं होतं. अर्बाब पुढे बसला, गाडीने उजव्या बाजूला नमस्कार केला. भाईने बोटं घातली. साडेतीन.

आम्ही सगळे खाली बघायला लागलो. मालकाला उतर कोण म्हणणार? आमचा व्हिसा त्याच्या नावावर. भाई दाराशी गेला, छातीवर हात ठेवला आणि म्हणाला, "अर्बाब, तुमची इज्जत मोठी आहे. या गाडीत मावत नाही."

अर्बाबने भाईकडे पाहिलं, मग चाकाकडे. आणि पोट हलेपर्यंत हसला. खाली उतरला, भाच्याच्या कारमध्ये जाऊन बसला. त्या दिवसापासून पिकअपला हात लावायच्या आधी तो विचारायचा, "सलीम, अपना वजन चलेगा?"

*

कुरियातच्या रस्त्यावर घाट उतरतो. आमच्या पलीकडच्या यार्डात एक फोरमन होता, त्याने भाईचा बोटं घालतानाचा व्हिडिओ काढून व्हॉट्सअॅपवर सोडला होता. खाली लिहिलेलं, हा ड्रायव्हर आहे की चुडीवाला? मी त्याला मारायलाच निघालो होतो. भाईने माझी कॉलर धरली. "त्याला गाडी हाकू दे. घाट आहे की."

महिना झाला नसेल, घाटात तोच फोरमन. पिकअपचा मागचा स्प्रिंगचा पाटा तुटलेला, कॅराव्हॅन दगडाला टेकलेली, रस्त्यावर सामानाचा बाजार मांडलेला. डोक्यावर ऊन. फोनला रेंज नाही.

मी म्हटलं, भाई, थांबू नको. भाई थांबला. खाली उतरून आधी आपल्याच चाकात बोटं घातली. पाच गेली. मग फोरमनकडे गेला आणि अगदी प्रेमाने म्हणाला, "एका बोटाची जागा आहे. तू येतोस की तुझं सामान?"

फोरमन आला. कुरियातला उतरून निघून गेला. पण दुसऱ्या आठवड्यात मी टायरवाल्याकडे गेलो, तर हा चाकाशी वाकलेला, बोटं फटीत. मी तिथूनच भाईला फोन लावला आणि नुसता ओरडलो. भाई म्हणाला, "व्हिडिओ काढू नको हां."

इतक्या वर्षांत आमच्या यार्डाची एक गाडी बसली नाही, एक पाटा तुटला नाही. हे मी कुठेही, कोणासमोरही सांगीन.

*

भाई गेला तो सकाळीच. यार्डात, चहाचा ग्लास हातात होता. मी चाळीस पावलांवर हुक घासत होतो आणि मला कळलं नाही. छातीत दुखतंय असंही बोलला नाही. बोलायला पाहिजे होतं त्याने.

अम्मी फोनवर म्हणाल्या, त्याला पेटीत घालून विमानाने फिरवू नका, तिथल्याच मातीत ठेवा. अमेरातचं कब्रस्तान मशिदीपासून लांब नाही. अर्बाब म्हणाला, सलीम आपल्या पिकअपमधूनच जाईल. जनाजा हौद्यात ठेवला. अर्बाबचा भाचा चालवायला बसला. मी भाईच्या उशाशी जनाज्याची दांडी धरून बसलो, समोर पीटर. मग जो तो चढायला लागला. अर्बाब चढला, टायरवाल्याची माणसं, आमच्या रत्नागिरीकडचे सगळे, तो फोरमनसुद्धा. प्रत्येकाला दांडीला हात लावायचा होता. गाडी मागून बसली.

मी खाली उडी मारली आणि बोटं घातली. दोन.

"उतरा," मी म्हणालो. गावचे एक चाचा म्हणाले, "इम्तू, आज तरी गप बस रे. चार पावलांचा रस्ता."

"भाईच्या गाडीवर जास्त वजन जाणार नाही. उतरा."

सगळ्यात आधी अर्बाब उतरला. कोणाचा हात न धरता, एकेक पाय टाकत. त्याच्यामागून फोरमन. मग टायरवाल्याची माणसं, मग चाचा. दोनाची अडीच झाली, अडीचची तीन. वर उरलेल्यांनी, त्यात चाचांचा मुलगा, दांड्या धरल्या होत्या. मी परत चढून उशाशी बसलो आणि पीटरला खाली बघायला सांगितलं. पीटर हौद्यातूनच काठावरून वाकला, बोटं घातली.

"साडेतीन," तो म्हणाला. "इम्तू, मी उतरतो."

"तू बस."

मी भाईच्या उशाची दांडी चाचांच्या मुलाच्या हातात दिली आणि खाली आलो. चाकाशी वाकलो. चार बोटं आडवी, अगदी बरोबर बसली.

मागच्या फळीवर थाप मारली, "यल्ला" म्हणालो, आणि गाडीमागून चालायला लागलो.