दाजींची गच्ची आणि सगळ्यांचं पाणी

अक्काचा फोन आला तेव्हा मी संगमनेरला दूध डेअरीच्या रांगेत उभी होते. तुझे दाजी गेले गं, सकाळी चहा पिता पिता गेले, एवढंच ती म्हणाली. किटली तिथेच ओळखीच्या बाईच्या हातात दिली आणि तशीच स्टँड गाठून नगरच्या मिळेल त्या एसटीत चढले. राहुरीपर्यंत बसायला जागा नव्हती ते बरंच झालं, मला तसंही बसवलं नसतं. स्वभावच तो माझा. हातात काम नसलं की जीव कासावीस होतो. आणि शांतवन दाजी, माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणजे अगदी उलटं टोक. एका कुंडीसमोर स्टूल टाकून अख्खी सकाळ काढायचा माणूस... असा माणूस इतक्या घाईने जातो, याचाच मला आधी राग आला.

नगरला दवाखान्यात एक्स-रे काढण्यात दाजींची सगळी नोकरी सरली. निवृत्तीच्या बऱ्याच आधी त्यांनी पुण्याच्या एका नर्सरीतून मुठीएवढा कॅक्टस आणला, डोक्यावर गुलाबी फूल असलेला. फुलावरून जात ओळखायची म्हणून पुस्तकं चाळली, चार जाणत्यांना विचारलं. महिना उलटला तरी फूल कोमेजेना. दाजी खूश, म्हणे काय टिकाऊ जात मिळाली! शेवटी भिंग लावून पाहिलं तर ते भलतंच कुठलंतरी वाळवलेलं फूल होतं, गोंदाने चिकटवलेलं. दुसरा कुणी असता तर कुंडी भिरकावून दिली असती. हे गृहस्थ पोट धरून हसले, आणि तिथून जे वेड लागलं ते लागलंच. गच्ची भरली. अक्काला पापड वाळत घालायला कोपरा उरला नाही.

काटे दिसले की आपण सगळ्यालाच निवडुंग म्हणून मोकळे होतो. दाजींना ते खपायचं नाही. काटा बघू नका, काटा कुठून निघालाय ते बघा, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. खऱ्या कॅक्टसचा काटा लव असलेल्या बारीकशा गादीतून निघतो, आणि टोचून पांढरा चीक आला तर ते झाड कॅक्टस नव्हेच. एका गुड फ्रायडेला चर्चमध्ये वेदीपुढे लाल फुलांचं काटेरी झाड ठेवलं होतं. उपासना संपल्यावर दाजींनी पाळकांना बाजूला घेऊन, अगदी हळू आवाजात, हे कॅक्टस नाही एवढं सांगितलंच. अक्का तिकडे पदरात तोंड लपवून बसली होती. मी त्यांना म्हणायचे, अहो, एवढं भिंग घेऊन बसण्यापेक्षा फोटो काढून मोबाईलला विचारा की. त्यांनी विचारलं. मोबाईलने एकाच झाडाची एका सकाळी तीन नावं सांगितली. दाजींचा तो आठवडा त्याच आनंदात गेला. फूल येऊ दे, मग बोलू, हे त्यांचं ठरलेलं उत्तर. मला त्या उत्तराचा फार वैताग यायचा.

त्यांचा सगळ्यात लाडका होता तो गुडघ्याइतका उंच, अंगभर पांढरे केस असलेला कॅक्टस. त्याला घरात सगळे आजोबा म्हणायचे. बीपासून वाढवलेला, वर्षाला बोटाच्या पेराएवढाही वाढायचा नाही. रविवारी दाजी जुन्या टूथब्रशने त्याचे केस विंचरायचे. माझ्या केसांना या माणसाने जन्मात कंगवा लावला नाही, असं अक्का खालून ओरडायची आणि वरती चहा घेऊन जायची.

दाजी गेले ते ऐन थंडीत. या दिवसांत कॅक्टस झोपलेले असतात, त्यांना थेंबभरही पाणी द्यायचं नसतं. पण भेटायला येणाऱ्या माणसांना काहीतरी करावंसं वाटतंच ना... प्रार्थना झाली, चहा झाला, की एकेक जण गच्चीवर जायचा आणि तांब्याभर पाणी घालून यायचा. मिरजगावचे दाजींचे चुलतभाऊ तर बादलीच घेऊन चढले. "मालक गेला म्हनून झाडांनी तहानलेलं ऱ्हायचं व्हय? लई पाप लागंल," असं म्हणत त्यांनी डोळे पुसत पुसत एकूणएक कुंडी भिजवली. मी तेव्हा खाली स्वयंपाकात होते. अक्काला हे सगळं दिसत होतं, कळतही होतं. पण रडत रडत पाणी घालणाऱ्या माणसाला नको कसं म्हणायचं, असं ती मला नंतर म्हणाली.

काही आठवड्यांनी मी पुन्हा नगरला गेले ती अक्काला कायमची घेऊन येण्यासाठीच. त्यांना मूलबाळ नाही, आणि त्या घरात तिने एकटीने राहायचं हे माझ्या मनाला मुळीच पटत नव्हतं. तीही हो म्हणाली होती. बॅग भरून दाराशी ठेवलेली. निघण्याआधी एकदा गच्ची बघू म्हणून वर गेलो, तर कुजका वास. निम्मे कॅक्टस बुडाशी मऊ पडलेले. आजोबा एका अंगाला कलले होते, बोट लावलं तर आत गेलं.

मला रडूच फुटलं. अक्का मात्र खाली गेली आणि भाजीची सुरी स्पिरिटने पुसून घेऊन आली. आजोबांना तिने वर्तमानपत्रात गुंडाळलं, मला धरायला लावलं आणि बुडापासून कापलं. आत मधोमध तपकिरी डाग. दाजी सांगायचे, डाग दिसतो तोवर कापत राहायचं, माया करायची नाही. ती आणखी वर कापत गेली. पुन्हा डाग. पुन्हा कापलं. मी म्हणाले, अक्का, बास कर, उरणार काय? ती ऐकेना. शेवटी वीतभर शेंडा हातात राहिला, आतून स्वच्छ हिरवट पांढरा. तो तिने जिन्याखालच्या सावलीत, कोरड्या कुंडीच्या काठावर टेकवून ठेवला. कापलेली बाजू सुकून टणक होऊ द्यायची, मग कोरड्या वाळूवर ठेवायचा, आणि मूळ फुटलंच तर ते ऊन तापल्यावर.

मी म्हणाले, चल आता, गाडी चुकेल. हवं तर शेंडा मांडीवर धरून नेते.

"मूळ धरेपर्यंत त्याला हलवायचं नाही," अक्का म्हणाली. सुरी धुतली, पदराला हात पुसले आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "आणि मलाही आत्ता हलवू नकोस, बाई."

संगमनेरला मी एकटीच परत आले. आता रोज सकाळी फोन करते. दाजींच्या स्टुलावर बसून ती बोलते, ते स्टुलाच्या करकरीवरूनच मला कळतं. मूळ फुटलं का, असं अगदी ओठांवर येतं... मी विचारत नाही. चहा झाला का, एवढंच विचारते.