समोरचा पडदा

आमच्या वरच्या मजल्यावर एक शिंपी राहतात. सगळे त्यांना मास्तर म्हणतात. जन्मभर तोंडात टाचण्या धरून लोकांच्या पँटी शिवल्या, त्यामुळे बोलायची सवयच राहिली नाही. बायको गेली. मुलगा दूर गेला आणि तिकडचाच झाला. मास्तरांनी दुकान विकलं तेव्हा आमचे हे म्हणाले होते, "बघ, हा माणूस आता अंथरूण धरणार."

ते खोटं पाडलं समोरच्या इमारतीतल्या सिस्टरनी. इस्पितळातून निवृत्त झालेल्या, एकट्याच राहणाऱ्या, आणि जिभेला हाड नसलेल्या. मास्तरांना त्यांनी रस्त्यातच धरलं. म्हणाल्या, "मास्तर, हातपाय हलवा, नाहीतर मशीनसारखे गंजाल. आणि तेल घालायला कोणी नाही तुम्हाला."

दोघांचा एक करार होता. सकाळी उठलं की आपापल्या खिडकीचा पडदा सरकवायचा. कारखान्याचा भोंगा झाला तरी समोरचा पडदा बंदच असला, तर दुसऱ्याने किल्ली घेऊन धावायचं. किल्ल्यांची अदलाबदल झालेली होती. मी एकदा विचारलं, "फोन का नाही करत?" मास्तर म्हणाले, "फोनवर कोणीही बरा आहे म्हणतं."

या पडद्यापायी मास्तर अंघोळ करून, दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून खिडकीत उभे राहायचे. सिस्टर समोरून हात वर-खाली करायला लावायच्या. डॉक्टरसुद्धा म्हणाले, मास्तर, तुमचं वय उलटं चाललंय. आम्ही गालातल्या गालात हसायचो. खरं सांगते, मला हेवा वाटायचा.

मग एके दिवशी मास्तरांना सिस्टरचा फोन आला. मुलगी राहायला आलीय, घर भरलंय, गुडघेही बोलतायत, तेव्हा थोडे दिवस इकडे येऊ नका आणि मी खिडकीत दिसले नाही तरी काळजी करू नका. पडदा मात्र रोज उघडेल. मास्तर कशाला जातात? लेकीच्या गोतावळ्यात आपली अडगळ नको, असा त्यांचा स्वभाव. ते रिकाम्या खिडकीकडे बघून हात वर-खाली करत राहिले. पडदा रोज वेळेवर उघडत होता.

पुढे एका सकाळी आमच्या छतातून पाणी ठिबकायला लागलं. मी तणतणत वर गेले. दार ठोठावलं तर आतून बारीक आवाज आला, "कडी नाही, लॅच आहे. किल्ली सिस्टरकडे." मी ह्यांना हाक मारली, त्यांनी खांद्याने दार तोडलं. मास्तर न्हाणीघराच्या उंबऱ्यात पडलेले, बनियनवर, नळ चालू, पाय वाकडा, खिडकीचा पडदा अजून बंद. भोंगा कधीच होऊन गेला होता.

उचलायला गेलो तर हात लावू देईनात. "आधी समोर जा. सिस्टरना काहीतरी झालंय. भोंगा झाला आणि त्या आल्या नाहीत. असं होणारच नाही."

ह्यांनी त्यांना इस्पितळात नेलं, मी धावत समोर गेले. सिस्टरकडचा पडदा उघडा होता. दार उघडलं कामवाल्या बाईने.

"सिस्टर कुठायत?"

"त्या होय? त्या तर लेकीकडे गेल्या कायमच्या. कितीतरी दिवस झाले की." मग जरा ओशाळून म्हणाली, "मला सांगून गेल्यात, घर विकेपर्यंत सकाळी येऊन पडदा तेवढा उघडत जा. समोरच्या म्हाताऱ्यांना बरं वाटतं म्हणाल्या."

मास्तरांच्या खिडकीकडे लक्ष ठेवायला मात्र तिला कोणी सांगितलं नव्हतं. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हातारपणी लेकीकडे जावंसं वाटलं, जा बाई, कोण अडवतंय? पण मग ज्याचा जीव तुमच्या भरवशावर आहे त्याला तोंडाने सांगून जा.

मास्तरांचं हाड बसवल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. लपवाछपवी पुरे झाली होती. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि भिंतीकडे तोंड केलं. व्यायाम शिकवायला आलेल्या मुलीला त्यांनी परत पाठवलं. दाढी वाढली. हाड जुळतंय, असं डॉक्टर म्हणत होते, पण मास्तर काही उभे राहीनात.

शेवटी सिस्टरचा फोन आला, माझ्याच फोनवर. मी तो स्पीकरवर टाकून मास्तरांच्या उशाशी धरला. सिस्टर रडत होत्या.

"मास्तर, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून नाही हो सांगितलं. म्हटलं, पडद्यामुळे तुम्ही रोज उठता, आवरता, चालताफिरता. मी गेले कळलं तर सगळं सोडून द्याल. तुमच्या भल्यासाठीच केलं."

मास्तरांनी तोंड फोनकडे वळवलं. मग म्हणाले, "सिस्टर, मी पडलो ना, तेव्हा खाली यांच्या घरातलं बोलणं मला ऐकू येत होतं. हातातला तांब्या जमिनीवर आपटला असता तरी वर आले असते."

"मग आपटला का नाही?"

"तुम्ही येणार होतात. दुसऱ्या कोणाला बोलावणं बरं दिसलं नसतं. तुमच्यावर विश्वास नाही असं झालं असतं."

पलीकडून सिस्टर काहीतरी बोलायला लागल्या. मास्तरांनी डोळे मिटून घेतले. मी फोन बंद केला.