अंबरनाथ ते हेंद्रेपाडा: गाडी बंद पडली तर कोण येईल, ते आधी ठरवा

अंबरनाथहून बदलापूर म्हणजे रेल्वेने एकच स्टेशन. त्यासाठी मोटार काढणाऱ्या माणसाला लोक वेडा म्हणतील, आणि म्हणोत. माझ्या आईचे गुडघे गेले आहेत. स्टेशनचा जिना तिला चढवत नाही आणि सर्वपित्रीला तिला बदलापूरच्या हेंद्रेपाड्याला दादाच्या घरी पोचवायचंच होतं. वडील गेल्यावर आईने कुणाकडे राहायचं यावरून दादाचं आणि माझं जे बिनसलं, त्याला दोन वर्षं झाली. मी तिला अंबरनाथ पश्चिमेला, कारखान्याने दिलेल्या घरी घेऊन आलो. त्यानंतर दोघा भावांत शब्द नाही. यंदा त्याचं चार ओळींचं कार्ड आलं: ‘आईला घेऊन ये. गुरुजी एकपर्यंतच थांबतील.’ खाली सही. माझं नावसुद्धा नाही.

माझी मोटार जुनी, तिसऱ्या हातची. म्हणून निघण्यापूर्वी आठवडाभर मी एकच उद्योग केला: ती वाटेत बंद पडली तर मदत कुणाची घ्यायची? तुमच्याकडे मोटार असेल तर ही डोकेफोड तुम्हालाही चुकणार नाही. विम्याचा एजंट म्हणाला, आग लागली, टक्कर झाली तर कंपनी आहे. नुसती बंद पडली तर? त्याने चहा संपवला आणि उठला. मग मुंबईची एक मोटारवाल्यांची संस्था. वर्षाची वर्गणी भरा, छापील कार्ड घ्या, गाडी अडली की फोन करा, मिस्त्री येईल. तिसरा उल्हासनगरच्या कॅम्पातला चंदूमल. बरॅकीपुढे ताडपत्री टाकून गॅरेज चालवतो. तो म्हणाला, “साईं, कल्याण से बदलापूर तक कहीं भी खडी हो जाए, किसी के हाथ चिठ्ठी भेजो. मैं आता हूँ.”

मी विचारलं, “लिहून काय देणार?”

“लिखना क्या है? कागज से गाडी चलती है क्या?”

ऑफिसात वीस वर्षं कागद सांभाळणाऱ्या माणसाला हे कसं पटावं? मी मुंबईचं कार्ड घेतलं. जाड कागद, मागे बारा नियम, झोकदार शिक्का. नियम वाचले मात्र नाहीत.

सकाळी साडेआठला निघालो. कुणी जाणार असाल तर पेट्रोल कल्याणलाच भरून घ्या, पिण्याचं पाणी घरून न्या आणि रस्ता या शब्दावर विसंबू नका. पावसाने खडी वाहून गेलेली, मधे गाड्यांच्या चाकोऱ्या. दोन्ही बाजूंना भात मात्र पोटरीला आलेलं, हिरवंगार. आई खिडकीतून ते बघत होती आणि मांडीवरचा तिळांचा डबा दोन्ही हातांनी धरून होती. जांभूळच्या अलीकडे इंजिन दोनदा खोकलं आणि गप्प बसलं. बॉनेट उघडून मी दहा मिनिटं आत पाहिलं. माझ्या पाहण्याने काय होणार होतं, देव जाणे.

बांधावरून एक शेतकरी आला, नाव बाळाराम. त्याने गाडीला एक फेरी मारली. “बैल आनले असते सायेब, पन आज आवस हाय. आवशेला आमी बैल जुपीत नाय.”

“राहू द्या,” मी ऐटीत म्हणालो, “माझ्याकडे कार्ड आहे.” त्याने कार्ड उलटंसुलटं पाहिलं, परत दिलं, आणि भावाची सायकल आणून दिली. तिच्यावरून मी चिखल तुडवत कारखान्याच्या फोनपाशी गेलो. ट्रंक कॉल लागायला पाऊण तास. पलीकडून उत्तर आलं: कल्याणच्या पुढे मिस्त्री दुसऱ्या दिवशी येतो, नियम सात. आणि तोवर गाडी कुणी हलवली तर मदत मिळणार नाही, नियम नऊ.

परत आलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. बाळारामने पाच गडी जमवून आणले होते, गाडीला खांदा लावायच्या तयारीने.

मी म्हणालो, “हात लावू नका!”

होय, मी हे म्हणालो. दीड तास सायकल मारून आणलेला नियम फुकट घालवायचा नाही, असं काहीसं डोक्यात होतं. अशा वेळी माणसाचं डोकं कुठे चरायला जातं कळत नाही.

आईने आतून विचारलं, “ते कार्ड मला उचलून नेणार आहे का रे?”

मी कार्ड खिशात घातलं.

“तुझ्या बापाचं पान आहे आज तिकडे. मी इथे भाताच्या खाचरात बसून राहू?”

बाळाराम हसला. “बैलांना सुटी हाय सायेब, आमाना कंची सुटी? तुमी निस्तं चाक धरा.”

मी चाक धरलं. सहा जण मागून ढकलू लागले. चढ आला की थांबायचे, बिडी ओढायचे, मला शिव्या न देता रस्त्याला द्यायचे. मी मधूनमधून घड्याळ बघत होतो आणि दर खेपेला चिडत होतो, संस्थेवर, रस्त्यावर, दादाच्या त्या ‘एकपर्यंतच’वर. साडेबारा झाले. पाऊण झाला. आई आता डोळे मिटून बसली होती. वेळेत पोचलो नाही तर ती मला बोल लावणार नाही, हे मला ठाऊक होतं, आणि त्याचाच धसका होता.

हेंद्रेपाड्याच्या अलीकडे वळणावर दादा उभा दिसला. सोवळं नेसलेला, उघडाबंब, कपाळाला गंध. श्राद्ध व्हायचं असताना सोवळ्यातल्या माणसाने कुणाला शिवायचं नाही. शिवला तर पुन्हा आंघोळ. दादा या बाबतीत किती कडक, ते आम्ही लहानपणापासून भोगलं आहे. त्याने खिडकीतून आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“उशीर केलास,” म्हणाला.

“हो.”

तो मागे गेला आणि बाळारामच्या खांद्याला खांदा लावून गाडी ढकलायला लागला.

गुरुजी ओट्यावर तणतणत होते. दादा तसाच विहिरीवर गेला, दोन बादल्या अंगावर ओतून घेतल्या आणि पाटावर बसला. एकाला पाच मिनिटं होती. आईने तीळ दिले. बाळाराम आणि मंडळी वडे-खीर खाऊन गेली, पैशाचं नाव काढू देईनात. आईला दादाने आठवडाभर ठेवून घेतलं, मोटार त्याच्या अंगणात राहिली आणि मी रेल्वेने एकटा घरी आलो.

पुढच्या आठवड्यात संस्थेचा लिफाफा आला. त्यांचा मिस्त्री जांभूळला रिकाम्या रस्त्यावर येऊन गेला होता, तेव्हा खुलासा हवा. सोबत फॉर्म. पाच नंबरचा रकाना: ‘वाहन इतरांनी हलवले असल्यास त्यांची नावे व सभासदाशी नाते.’ संताप आला, तरी बसलो भरायला. बाळाराम लिहिलं. बाकी पाच जणांची नावं मी विचारलीच नव्हती, याची लाज वाटली. नंतर दादाचं नाव लिहिलं आणि त्याच्यापुढे, दोन वर्षांत पहिल्यांदा, भाऊ.